पाच लिवा

तांडापेठेच्या मागच्या गल्लीत
प्रत्येक दाराशेजारी माझं अक्षर आहे.
खडूनं लिहिलेलं: तारीख, घरातली माणसं,
भांडी किती तपासली, अळ्या कितींत.
शाळेत या अक्षराला कुणी नावाजलं नाही.
इथं ते गॅसवाला वाचतो,
आणि पोरं त्याच्यावरच स्टम्प काढतात.

नागपुरात उन्हाळा संपतो, कूलर संपत नाही.
पोळा येतो तरी खिडकीला टांगलेला,
गवत काळं पडलेलं, पंखा मुका,
तळाशी चार बोटं पाणी
जे कुणाचंच नसतं.
"काढाचाच हाय बाई, पन माणूस नाई भेटून राह्यला."
मी टॉर्च मारते.
उजेड पडला की त्या खाली पळतात
स्वल्पविरामासारख्या वाकड्या,
कुठल्याच वाक्यात मावणार नाहीत इतक्या.

ताप कधी आला, विचारते.
कुणाला वार आठवत नाही, भाजी आठवते.
"चवळीच्या शेंगा केल्या होत्या नं, त्याच रात्री."
मग शेंगांवरून मी गुरुवार काढते,
वडाभातावरून रविवार.
सोनकुसरे, शिलाई मशीनवर बसल्या बसल्या थंडी वाजली.
धकात्यांचा थोरला, डोळ्यांमागं दुखणं.
त्याची मामी, फक्त दोन रात्री मुक्कामाला आलेली.
वहीच्या मागच्या पानावर गल्ली काढली
आणि एकेका तापाचं एकेक टिंब.

मारबत निघाली त्या दिवशी मी इतवारीत अडकले.
बापांच्या खांद्यावर बसून पोरं ओरडत होती,
रोगराई घेऊन जा गे मारबत!
मीही ओरडले, चांगली घसा बसेपर्यंत.
पिशवीत अकरा नमुन्यांच्या चिठ्ठ्या होत्या.

रात्री वही उघडली, तर सगळी टिंबं
घर चौतीसकडं तोंड करून बसलेली,
पंगत वाढप्याकडं बघते तशी.

चौतीस. निनावे. मुलगा पुण्याला, म्हातारे त्याच्याकडं.
दाराशेजारी माझंच अक्षर, तीन आठवडे:
बंद.
बंद.
बंद.
नियम असाच आहे. लिहायचं, पुढं जायचं.
मी पुढं गेले होते.

दुसऱ्या दिवशी हेडाऊंच्या गच्चीवरून
कठडा ओलांडला. गुडघे माझे बावन्न वर्षांचे,
साडी खोचलेली, खालून कुणीतरी हसलं.
कूलर तिथं होता. झाकणही नव्हतं.
दोन्ही हातांनी उलटा केला.
स्लॅबवर पाणी पसरलं, ऊन होतं,
थोड्या वेळात एकही स्वल्पविराम उरला नाही.

हेडाऊंची गुंजन मेयोतून परत आली नाही
त्याला तेव्हा चार दिवस झाले होते.
दुसरीत होती. रजिस्टरमध्ये रुग्ण क्रमांक नऊ.
तिच्याच गच्चीवरून मी उडी मारली,
तिच्याच आईनं स्टूल धरलं,
आणि काहून, कशाले, एक शब्द विचारला नाही.

पुढची फेरी. घर तेहेतीस.
भिंतीवर जुनं लिहिलेलं: माणसं ५.
मी बोट ओलं केलं.
वनिताबाई दारातच उभी होती.
"पुसू नोका."
मी थांबले.
"पाच लिवा."

नवी तारीख घातली. भिंतीवर पाच लिहिले.
रजिस्टरमध्ये चार.
एवढ्या वर्षांत माझे आकडे कधी चुकले नव्हते
आणि आजही यातला चुकीचा कोणता,
वरून तपासायला आलेल्या साहेबाला
मला सांगता येणार नाही.

मग नेहमीचं विचारलं, पाणी कुठंकुठं भरून ठेवता?
तिनं माठ दाखवला. ड्रम दाखवला, स्वच्छ घासलेला.
फळीवर शाळेची एक बाटली होती,
निळ्या झाकणाची, अर्धी भरलेली.
ती तिनं दाखवली नाही.
मी टॉर्च मारला नाही.

झाकण घट्ट आहे, एवढं बघितलं,
आणि लिहिलं: भांडी २.